मोटेची दुमड

माय, तुझी मोट आता मोट राहिलेली नाही. निष्कर्ष आधी सांगावा आणि कारणे मागाहून मांडावीत, ही सवय मला कोर्टाने लावली. ती या वयात मोडणार नाही, आणि तुझ्यापुढे मोडावी असे काही कारणही दिसत नाही. परळीतल्या माझ्या घराच्या गॅलरीत, तागाच्या पोत्यावर, एक काळी, कडक, वेडीवाकडी वस्तू पडून आहे. थर्मल वीजकेंद्राची राख इथे सगळ्यावर बसते, तशी तिच्यावरही बसते. झाडायला येणारी बाई पहिल्या दिवशी म्हणाली, "मॅडम, हे काय हाय? टाकून देऊ का?" मी सांगितले, ही मोट आहे. तिला मोट माहीत नव्हती. विहिरीतले पाणी बैलांच्या बळावर वर ओढून आणणारी कातड्याची मोठी पिशवी, वर लोखंडी कडे, खाली पाणी सोडणारी सोंड, असे मी सांगत गेले आणि ती त्या वस्तूकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ह्याच्यात पानी कुठं मावंल?" प्रश्न रास्त होता.

मला जे सिद्ध करायचे होते ते एका वाक्याचे आहे. आबा गेल्यानंतर आपल्या मळ्यातली मोट तू हाकलीस. आबा तापाने गेले तेव्हा मी शाळेत जाणारी पोर होते आणि भाऊ लिंबाला बांधलेल्या झोळीत होता. पावसाने पाठ फिरवलेली होती, खालच्या अंगाची कोरडवाहू जमीन नुसती पडून होती, आणि घरात जे शिजायचे ते विहिरीवरच्या तेवढ्या मळ्यात पिकायचे. काका तालुक्याच्या राजकारणात होते. ते पांढऱ्या धोतरात येत, बांधावर उभे राहत, पिकाची चौकशी करीत आणि दुपारच्या गाडीने परत जात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ते वाईट नव्हते, ते तिथे नव्हते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मळ्यात रोज जी होती ती तू होतीस.

बैल धावेच्या उतारावरून खाली जाऊ लागले की मोट हाकणारा माणूस ताणलेल्या नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसतो आणि त्याचे वजन बैलांच्या मदतीला येते. आबा तसे बसत, सगळेच पुरुष बसत, आणि त्यात कोणाला काही वाटत नसे. तू बसणार नव्हतीस. नुकती विधवा झालेली, लुगडे नेसलेली बाई दिवसाढवळ्या दोरावर बसून उतारावरून खाली येते, हे गावाने पाहणे तुला मान्य नव्हते. म्हणून तू बैलांच्या मागून चालायचीस. चालणाऱ्याचे वजन नाड्याला मिळत नाही आणि आपले बैल उतारवयाचे होते. भरलेली मोट अर्ध्यावर आली की त्यांचे गुडघे थरथरत. तेव्हा मोटेत मावणारे पाणीच कमी करणे एवढा एक मार्ग उरला. हे तू मला कधी समजावून सांगितले नाहीस. ते मी फार पुढे, वकिली करू लागल्यावर, एका सुनावणीची वाट पाहत बसले असताना जोडून काढले, आणि तुझ्या विचारातली शिस्त पाहून थक्क झाले.

गावातल्या मोटा शिवणाऱ्या मामांना तू अंगणात बोलावलेस तो दिवस मला स्वच्छ दिसतो. मोट ओट्यावर पसरली आहे, ओली, जड, तेलकट. मामा तिच्या तोंडाशी उकिडवे बसले आहेत आणि अंगठ्याने कातडे दाबून पाहत आहेत. ते म्हणतात, "वीतभर कापून टाकतो, बाई. हलकी व्हईल."

"कापू नका मामा," तू म्हणतेस. "आत दुमडा अन् टाका घाला. पोरगं मोठं झालं की सोडता यील."

मामा तोंड वर करून तुझ्याकडे पाहतात. "मोट हाय का पोरीचा परकर? आमच्या आज्यापासनं कुनी मोटंला दुमड घातल्याली न्हाई."

"मग तुमी घाला."

"लोक हसतील की मला."

"तुमाला हसतील. बैलांला तर न्हाई ना हसनार?"

मामा हसले आणि त्यांनी आरी काढली. संध्याकाळपर्यंत ते टाके घालत होते. परकराच्या खालच्या काठाला घालतात तशी वीतभर दुमड त्यांनी मोटेच्या तोंडाला आतल्या बाजूने घातली, कडे पुन्हा बसवले, आणि उठताना म्हणाले, "सोडायच्या येळी मलाच बोलवा. दुसऱ्या कुनाला ह्यो येडेपना उकलायचा न्हाई." ती दुमड कधी सुटली नाही. भाऊ बैलांमागे चालण्याच्या वयाचा होण्याआधीच विहिरीवर इंजिन बसले.

आणखी एक गोष्ट फक्त तुला आणि मला माहीत आहे. बैलांना आबांच्या गाण्याची सवय होती. गळा ऐकू आला की ते चालत, गाणे थांबले की तेही थांबत. तू गाणार नव्हतीस, त्याचेही कारण तेच. मग तू मला थारोळ्याच्या दगडावर बसवलेस, जिथे मोटेचे पाणी पडून पाटाला लागते, आणि म्हणालीस, "शाळंतलं काय येतं ते मोठ्यानं म्हन." मला पाढे येत होते. मी पाढे म्हणते आहे, बैल उतरत आहेत, चाक कुरकुरते आहे, सोंडेतून पाणी धबकन थारोळ्यात पडते आहे आणि माझे पाय भिजत आहेत. ओल्या कातड्याचा आणि शेवाळाचा वास सगळीकडे आहे. अवघड पाढ्यात मी अडखळते. बैल अर्ध्या उतारावर थांबतात. तू त्यांच्या मागून, कपाळावरचा घाम पदराला पुसत म्हणतेस, "चुकलीस का गं? त्यांला बी कळलं." पुढे अनेक न्यायाधीशांसमोर मी बोलले. इतके लक्षपूर्वक मला कोणी ऐकले नाही.

इंजिन आल्यावर मोटेचे काम संपले, पण तू तिला टाकली नाहीस. उन्हाळा लागला की दोर बांधून तिला विहिरीत सोडायचीस आणि आठवड्यातून एकदा वर काढून करंजीचे तेल चोळायचीस. कोणी विचारले की एकच उत्तर: "मोट कोरडी ठिवायची न्हाई. कोरडी पडली की मेली." हे वाक्य आपल्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले की भावाला ते पाढ्यांच्या आधी पाठ झाले असेल. तू गेलीस तेव्हा मी परळीत होते, भाऊ शेतीत बुडालेला होता. कोणीतरी मोट विहिरीतून काढली आणि गोठ्याच्या आढ्याला टांगली. ती तिथे कोरडी पडत राहिली. आम्ही तिच्याखालून ये-जा करीत होतो.

गेल्या दसऱ्याला काकांच्या मुलाचा निरोप आला. तो आता गावातला वजनदार माणूस आहे. मळ्याच्या वाटेवर काकांच्या स्मरणार्थ एक दगड बसवायचे त्याने ठरवले होते आणि त्यावर कोरायचा मजकूर मी एकदा नजरेखालून घालावा अशी त्याची इच्छा होती. नांदूरघाटाच्या फाट्यावर उतरून मी गावात गेले. ओसरीवर त्याने चहा मागवला, कागद पुढे केला. दुष्काळाच्या वर्षांत स्वतः मोट हाकून ज्यांनी हे कुटुंब जगवले, असा मजकूर होता. भाऊ माझ्या शेजारी बसलेला होता.

"बघा आक्का, चूक नको ऱ्हायला," काकांचा मुलगा म्हणाला.

"चूक आहे," मी म्हणाले. "मोट काकांनी हाकली नाही. मायने हाकली."

तो हसला नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवते. तो खरोखर गोंधळला. "मोठ्या मायनं? मोट? आक्का, तुमची काहीतरी गफलत व्हतीय. आपल्या घरच्या बाया कवा धावंवर गेल्या?"

मी त्याला नाड्याचे, वजनाचे, दुमडीचे सगळे क्रमाने सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकले आणि मग मला माझ्याच शस्त्राने अडवले. "तुमी एवढी वर्षं कोर्टात काढली. नुसतं तोंडी सांगितल्यावर तुमी तरी मानलं असतं का? अन् मोटंच्या तोंडाला मजबुतीसाठी दुमडतेतच की."

"मजबुतीची दुमड दोन बोटांची असते. ही वीतभर आहे."

"मग उघडून दाखवा. गुढीपाडव्याला दगड बसवायचाय. त्याच्या आदी दाखवा, मी बापाचं नाव काढून मोठ्या मायचं टाकतो. ह्या तुमच्या भावासमोर शब्द देतो."

भाऊ खाली पाहत होता. काही बोलला नाही. मला वाटले, तो संकोचला आहे.

एवढे साधे होते ते. दुमड उघडली की आतले कातडे दिसले असते: आबांनंतर विहिरीच्या दगडांना कधी न घासलेले, बाकीच्या कातड्याएवढे न रापलेले, फिकट रंगाचे, वीतभर रुंदीचे. त्याचा दुसरा अर्थ लावता आला नसता. पण आढ्यावरून मोट खाली काढली तेव्हा ती उघडण्यासारखी नव्हती. कोळिष्टके आणि धूळ झाडली तर खालून तांबूस भुकटी बोटांना लागू लागली. कातडे कुठे पत्र्यासारखे, कुठे वाळलेल्या भाकरीसारखे झाले होते. दुमडीत नख घातले तर किनार तुटून हातात आली. ती उघडायची तर आधी तिला मऊ करायला हवे होते, आणि मऊ करण्याची कला ज्यांना येत होती ते सगळे गेलेले होते. तुटलेला तुकडा घेऊन मी परळीतल्या एका चामड्याचे काम करणाऱ्याकडे गेले. त्याने तो चष्म्याजवळ धरला, हुंगला आणि परत दिला. "मॅडम, आमी आता रेग्झिनच शिवतो. माझ्या आज्यानं शिवल्या आसतील मोटा. मला तर सुई कुठनं घालतेत ते बी म्हाईत न्हाई." मग मला वाईट वाटू नये म्हणून त्याने सुचवले, "वार्निश मारून देऊ का? भिंतीवर शोला चांगलं दिसंल."

वस्तुसंग्रहालयात नोकरी केलेल्या एका परिचित बाईंना मी फोन केला. त्यांचे उत्तर असे, की तेल थोडे, वेळ पुष्कळ, ऊन नाही आणि पाणी अजिबात नाही. वाळून गेलेले जुने कातडे एकदा पूर्ण भिजले की ते कातडे राहत नाही, असे त्या म्हणाल्या. ते मी प्रमाण मानले. दिवाळीनंतर दर आठवड्याला मी एसटीने गावी जाऊ लागले. भावाच्या पडवीत, सावलीत, मोट जुन्या चादरीवर ठेवायची, मऊ कुंचल्याने भुकटी झाडायची, किंचित कोमट केलेले एरंडेल आणि करंजीचे तेल सुती फडक्याने लावायचे आणि मग काही करायचे नाही. ते काही न करणेच सर्वांत अवघड होते. पहिले काही आठवडे तेल कातड्यावर तसेच थांबून राही, जणू दगडावर सांडलेले. मग एका सकाळी पाहिले तर ते जिरलेले होते. माझ्या हातांना कित्येक वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हातांचा वास आला. मी ते भावाला सांगितले नाही, पण त्याने माझा हात धरून हुंगला आणि तो गोठ्याकडे निघून गेला.

भाऊ अधीर होता. पाडवा जवळ येत चालला तसे त्याचे प्रश्न वाढत गेले. "कावून इतका उशीर लागतो, आक्का? माय तर पान्यात ठिवायची." मी म्हणे, तेव्हाची गोष्ट वेगळी. तो म्हणे, "मोट तर तीच हाय." यावर मी काय समजावून सांगायला हवे होते ते मला आज माहीत आहे. त्या वेळी मी एवढेच म्हटले, की तू हात लावू नकोस. संक्रांतीनंतर दुमडीची एक बाजू बोटभर हलली. बोटाच्या टोकाने मी आत चाचपून पाहिले. आतले कातडे गुळगुळीत होते. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी दगडावरचा नवा मजकूर मनात रचत होते. तुझ्या नावाआधी कोणते विशेषण लावावे यावर माझे मनाशी बरेच वाद झाले आणि शेवटी कोणतेच लावू नये असे ठरले.

मग माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. वाकायचे नाही, प्रवास करायचा नाही, धुळीत जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. हिरवी पट्टी बांधून मी घरात बसले होते. त्या काळात एका दुपारी भावाचा फोन आला. त्याच्या आवाजात मी इतका आनंद फार दिवसांत ऐकला नव्हता.

"आक्का, मोट नरम झाली. लई नरम झाली. नुसती लोन्यावानी."

"कशाने?" मी विचारले.

"पान्यानं. दुसरं कशानं व्हनार? हिरीत सोडलीती दोर बांधून, मायवानी. चार-पाच रोज ठिवली. आज काढली, आता उनात टांगलीय पत्र्यावर. थोडी सुकली की दुमड आपूआप उघडती बघ."

मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता सावलीत घे. तो म्हणाला, सकाळपासून उन्हातच आहे. फाल्गुनातले आपल्याकडचे ऊन तुला माहीत आहे. माझा आवाज ऐकून तो हळूच म्हणाला, "आक्का, काही चुकलं का?" मी म्हणाले, नाही. मला त्याला खरे सांगता आले नाही. सांगून उपयोगही नव्हता.

पट्टी सुटल्यावर गेले. जिला त्याने लोण्यासारखी म्हटले होते ती आता पत्र्यावर काळीठिक्कर, आक्रसलेली, आतल्या बाजूला वळलेली पडली होती. तिचे तोंड मिटले होते. वीतभर दुमड आणि तिच्यामागचे कातडे उन्हात शिजून एकच जाड, काचेसारखा कठीण थर झाला होता. कुठे एक संपते आणि कुठे दुसरे सुरू होते ते माझ्या नव्या डोळ्यालाही दिसेना. भावाने खुरप्याच्या टोकाने उघडून पाहिले होते, तिथे ते खापरासारखे फुटले होते. फुटलेल्या कडेतही दोन थर नव्हते. टाक्यांची भोके बुजली होती. मोट एवढी आक्रसली होती की ती मुळात केवढी होती हेही आता कोणाला मोजता आले नसते.

मी हे सारे अनेकदा मनात उलटसुलट तपासले आहे. भावाचा तर्क तंतोतंत होता. मोट पाण्यात मऊ राहते, ही मोट आहे, म्हणून ही पाण्यात मऊ राहील. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला कोणीही माणूस हाच विचार करील, आणि परक्या माणसाला तो सुचणारही नाही. पाण्याशी रोज संबंध असलेल्या कातड्यात तेल असते, कमावताना मुरलेला बाभळीच्या सालीचा कस असतो. त्याला पाणी जगवते. ते दोन्ही उडून गेल्यावर जे उरते ते डिंकासारखे काहीतरी असते, जे पाण्यात फुगते आणि उन्हात शिजते. तुझा नियम खरा होता. ज्या वस्तूसाठी तू तो केला होतास ती वस्तू मात्र आढ्यावर केव्हाच संपली होती, आणि आम्ही तिच्या जागी लटकणाऱ्या आकाराला मोट म्हणत राहिलो. तुझ्या मोटेचा शेवट तुझ्याच वाक्याने झाला. यात भावाचा दोष काढणे मला तर्काला धरून वाटत नाही.

पाडव्याला मी गेले. न जाणे म्हणजे राग धरणे असा अर्थ निघाला असता. मळ्याच्या वाटेवर मांडव होता, लाउडस्पीकर होता, पेढ्यांची ताटे होती. दगड चांगला होता, अक्षरे सुबक होती. मजकूर पहिलाच होता. काकांच्या मुलाने मला पुढच्या खुर्चीवर बसवले आणि वाकून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारले, "आक्का, काही घावलं का?" मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमच्या मनात हाय ना, बास झालं." त्याने टोमणा मारला असता तर मी उत्तर दिले असते. हे तो मनापासून बोलला होता.

परतताना भाऊ माझ्या सोबत फाट्यापर्यंत आला. मोट त्याने पोत्यात घालून खांद्यावर घेतली होती. मी नेणार म्हटल्यावर त्याने का म्हणून विचारले नाही. वाटेत तो एके ठिकाणी थांबला. "आक्का, एक सांगू का? रागवू नको."

"सांग."

"मी नववीला आसताना मायला इचारलंतं, आबा गेल्यावर मोट कोन हाकायचं म्हनून. माय म्हनली, काका हाकायचे." त्याने पोते दुसऱ्या खांद्यावर घेतले. "म्हनून त्या दिशी ओसरीवर मी गप बसलो. तुला खोटी कशी पाडू? अन् मायला तरी कशी पाडू?"

"मग मोट भिजवलीस का?"

"तू म्हनलीस उघडली पायजे. मला वाटलं, उघडली म्हंजे काय ते मलाबी कळंल."

गाडी आली. त्याने पोते आत ठेवले, कंडक्टरने हे काय म्हणून विचारले, आणि भाऊ म्हणाला, "सामान हाय." तो आता सत्तरीकडे झुकला आहे. आमच्या दोघांनंतर हा प्रश्न कोणाला पडणारही नाही. असिद्ध म्हणजे असत्य नव्हे, असे मी आयुष्यभर पक्षकारांना सांगत आले. ते ऐकून कोणाचे समाधान झालेले मी पाहिले नाही, आणि आता ते का होत नसे ते कळते. गॅलरीतल्या त्या वस्तूवर मी मध्यंतरी तेल लावून पाहिले. ते ओघळून पोत्यात गेले.

भावाने सांगितलेल्या गोष्टीने मला धक्का बसला असे तो समजतो. तसे झाले नाही. चुलीपुढे बसून तू माझी वेणी घालत होतीस. त्या दिवशी शाळेत गुरुजींनी मला विचारले होते, की तुमची मोट कोण हाकते, आणि मी उत्तर न देता घरी आले होते. मी ते तुला सांगितले. तुझा हात थांबला. "कुनी इचारलं तर काका हाकत्यात म्हन," तू म्हणालीस. मी म्हणाले, पण ते तर इथे नसतात. "आपल्या घरात मानूस हाय असं दिसाया पायजे," एवढे बोलून तू वेणी इतकी घट्ट ओढलीस की माझ्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना तसे सांगितले. तेव्हा दगडावरचे वाक्य काकांच्या मुलाचे नाही, माय. ते तुझे आहे. तू ते विचार करून केलेस, जशी दुमड विचार करून घातलीस, आणि त्याने आपले घर त्या वर्षांत सुरक्षित राहिले असेलही.

ओसरीवर मजकूर वाचला त्याच क्षणी मला तुझे ते वाक्य आठवले होते. माझ्या बाजूला बाधक असलेला हा एकमेव पुरावा होता आणि तो मी काकांच्या मुलाला, भावाला, कोणालाही सांगितला नाही. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत मी ज्या पक्षकारासाठी धडपडले तिने मला वकीलपत्र दिलेले नव्हते. विचारले असते तर ती नको म्हणाली असती, हेही मला माहीत होते. हे पत्र कुठे पाठवायचे नाही. तुला लिहिता-वाचता येत नव्हते. आलेला प्रत्येक कागद तुला मीच वाचून दाखवत असे. हाही मीच वाचला असता, आणि हा शेवटचा भाग मी गाळला असता.